व्हेपिंगची जाहिरात आणि शाळकरी मुले: सरकारने दावा लावायचा तर कोणावर?

अबोली_फोंडा

अमेरिकेतील राज्य सरकारांनी जूल या ई-सिगारेट कंपनीवर जे दावे लावले, त्यांतला मुख्य आरोप उत्पादन घातक असल्याचा नव्हता. ज्या अल्पवयीन मुलांना ते विकताच येत नाही, त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून जाहिरात बेतली, हा तो आरोप होता. २०१५ साली हे उपकरण बाजारात आले तेव्हा जाहिरातींत कोवळ्या चेहऱ्यांचे मॉडेल होते, भडक रंग होते, पार्ट्या होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० मध्ये दाखल केलेल्या दाव्यात तर कार्टून नेटवर्क आणि निकलोडियन यांच्या संकेतस्थळांवर कंपनीने जाहिरातींसाठी जागा घेतली होती, असे म्हटले होते. कंपनीने गैरकृत्य मान्य केले नाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये तीसहून अधिक राज्यांशी सुमारे ४३ कोटी ८५ लाख डॉलरची आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आदी सहा राज्ये व राजधानीचा प्रदेश यांच्याशी ४६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड मात्र केली.

आपल्याकडे २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांना पूर्ण बंदी आहे. असे असूनही मी शिकवते त्या विद्यालयात नववी-दहावीच्या मुलांच्या दप्तरांत ही उपकरणे सापडतात. दिसायला ती हायलायटर पेनासारखी असतात आणि त्यांना वास येतो तो आंब्याचा किंवा पुदिन्याचा, त्यामुळे वर्गात कोणी ओढली तरी शिक्षकाला संशय येत नाही. मुलांशी रागावल्याविना बोलले तर ती सांगतात की नावे त्यांना रील्समधून कळली. दुकान कुठे आहे याचा शोध त्यांनी नंतर घेतला.

अशा वेळी मुलाला शिक्षा करणे आणि पालकांना बोलावून घेणे यापलीकडे आपली मजल जात नाही. ज्याने हा बाजार मांडला त्याच्यावर सरकारने दिवाणी दावा लावावा, नुकसानभरपाई मागावी, हा विचार आपल्याकडे कोणी का मांडत नाही? कायद्यात तशी सोय आहे काय आणि असल्यास गोवा सरकारने ती वापरावी काय, हे जाणकारांनी सांगावे.

माड_वाकडा

बाई, दाव्याचे मागाहून पाहू. आधी एखाद्या शनिवारी संध्याकाळी कळंगुट ते हणजूण एक फेरी मारून या.

पर्वरीचा_वकील

अबोलीताईंच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

फौजदारी बाजू सोपी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. विक्री, आयात, वाहतूक किंवा जाहिरात यांपैकी काहीही केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. झडती आणि जप्तीचे अधिकार उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आहेत. जाहिरातीचे कलम बरेच व्यापक आहे: अप्रत्यक्ष प्रसारालाही ते लागू होते आणि जाहिरातीत भाग घेणाऱ्यालाही. पैसे घेऊन रील करणारा पोरगा 'मी काही विकत नाही' असे सांगून सुटणार नाही. उपकरण ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे.

दिवाणी बाजू अधिक रोचक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार म्हणून राज्य सरकारही उभे राहू शकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते; जाहिरातीतल्या चेहऱ्यालाही तो दंड लागू आहे. थोडक्यात, हत्यारे आहेत. अडचण अशी की दावा लावायला प्रतिवादी हवा, त्याला समन्स पोहोचवायला पत्ता हवा, आणि निकालानंतर वसुली करायला त्याच्याकडे काही मालमत्ताही हवी.

सत्तरीकर_परदेशी

मी मूळचा वाळपईचा. सध्या नॉर्थ कॅरोलायनात राहतो. जूलवर दावा लावणारे हे पहिले राज्य. २०१९ च्या मे महिन्यात येथील महाधिवक्त्यांनी तो लावला आणि जून २०२१ मध्ये चार कोटी डॉलरवर तडजोड झाली.

या रकमेपेक्षा तडजोडीतल्या दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे बंधने: एकवीस वर्षांखालील कोणालाही उद्देशून जाहिरात करायची नाही, समाजमाध्यमांवर पैसे देऊन कोणाकडून प्रसार करून घ्यायचा नाही, शाळांच्या आसपास फलक लावायचे नाहीत. दुसरी म्हणजे कंपनीचे अंतर्गत कागद लोकांसमोर आणण्याची अट. ईमेल, सादरीकरणे, बाजार-संशोधनाचे अहवाल असा मोठा साठा आज विद्यापीठांच्या दस्तऐवज संग्रहात कोणालाही वाचता येतो. कोणत्या वयाच्या ग्राहकाबद्दल कंपनी आतल्या आत काय बोलत होती, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. दंड भरून कंपनी मोकळी होते, कागद मात्र उरतात.

कंपनी शाळांपर्यंत कशी पोहोचली, हेही शिक्षकांनी वाचण्यासारखे आहे. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे शाळकरी मुलांनी साक्ष दिली, की व्यसनमुक्तीच्या व्याख्यानासाठी म्हणून वर्गात आलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीने हे उपकरण पूर्ण सुरक्षित असल्याचे सांगितले होते. २०२२ च्या तडजोडीत शाळांतील शैक्षणिक कार्यक्रमांना पैसा देण्याची मनाई आहे, तिचे मूळ अशा प्रकारांत आहे.

नाट्यवेडा_मांद्रे

त्याच २०२२ च्या तडजोडीत असेही एक कलम आहे की जाहिरातीत पस्तीस वर्षांखालील माणूस दाखवायचा नाही. आमच्या गावच्या जत्रेतील नाटक मंडळाला ही अट मुळीच जाचक वाटणार नाही. आमचा कॉलेजकुमार नायक गेली कित्येक वर्षे पन्नाशीत आहे.

सोलकढी

नाट्यवेडेबाब, तुमच्या नायकाला पाहून एकही मूल कसल्याच व्यसनाकडे वळणार नाही, याची खात्री आहे.

धूरविरहित

मी वेगळी बाजू मांडतो. ती न आवडणाऱ्यांनी निदान वाचावी.

मी अनेक वर्षे सिगारेट ओढत होतो आणि परदेशात नोकरीला असताना ई-सिगारेटच्या आधारानेच ती सुटली. हा केवळ माझा अनुभव आहे असे नाही. औषधोपचारांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणाचा निष्कर्ष असा आहे, की सिगारेट सोडण्यासाठी निकोटिनचे पॅच किंवा च्युइंग गम यांच्यापेक्षा निकोटिनयुक्त ई-सिगारेट अधिक उपयोगी पडते, आणि त्यामागचा पुरावा उच्च प्रतीचा आहे. इंग्लंडमधील आरोग्य यंत्रणा धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांना हा पर्याय सुचवते. आपण मात्र धूर सोडणारी सिगारेट पानाच्या गाड्यावर सुटी मिळू देतो आणि धुराविना निकोटिन देणाऱ्या वस्तूवर बंदी घालतो. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत सरकारी आयुर्विमा महामंडळाचा मोठा हिस्सा आहे, हे लक्षात घेतले तर या बंदीकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

मुलांना विकणाऱ्याला शिक्षा अवश्य व्हावी. पण अमेरिकेत खटले लागू शकले ते वस्तू कायदेशीर होती म्हणून, हे सत्तरीकरबाबांच्याच लिखाणावरून दिसते. तिथे नोंदणीकृत कंपनी होती, तिची कार्यालये होती, तिच्यात २०१८ साली साडेबारा अब्जांहून अधिक डॉलर ओतून ३५ टक्के हिस्सा घेणारी अल्ट्रियासारखी भागीदार होती. आपण बंदी घालून बाजार अंधारात ढकलला आणि आता त्या अंधारात प्रतिवादी शोधतो आहोत.

दहावीची_आई

सुटी सिगारेट मिळते म्हणून ही वस्तूही मिळावी, हा कोणता न्याय? सुटी सिगारेट बंद करा म्हणावे.

निरामय

मी डॉक्टर आहे; दोन गोष्टी सांगतो.

प्रौढ धूम्रपान करणाऱ्याच्या बाबतीत धूरविरहित यांनी सांगितलेला निष्कर्ष मी नाकारत नाही. परंतु नववीतील मुलगा सिगारेट सोडण्यासाठी व्हेप हाती घेत नाही. त्याच्यासाठी ती निकोटिनची पहिली ओळख असते. जूलचे तांत्रिक वैशिष्ट्य निकोटिनच्या क्षारांत होते. निकोटिनमध्ये बेन्झोइक आम्ल मिसळले की वाफ घशाला बोचत नाही. पहिली सिगारेट ओढणाऱ्या मुलाला जो ठसका लागतो आणि ज्यामुळे पुष्कळ जण तिथेच थांबतात, तो ठसकाच येथे काढून टाकलेला आहे. शिवाय प्रमाणही मोठे: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या जूलच्या द्रावणात दर मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम निकोटिन होते, तर युरोपीय संघाची मर्यादा २० मिलिग्रॅमची आहे. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते, आणि या वयात लागलेले निकोटिनचे व्यसन अधिक घट्ट बसते. म्हणून आंब्याचा स्वाद आणि गुळगुळीत वाफ यांना मी जाहिरातीचाच भाग समजतो. फलक नसला तरी वस्तू स्वतः मुलाशी बोलते.

दुसरी गोष्ट: २०१९ साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसाचा तीव्र आजार होऊन २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यू नोंदले गेले, ही माहिती पालकसभांतून वारंवार सांगितली जाते. त्या आजाराचा मुख्य संबंध गांजातील द्रव्य असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गांनी मिळालेल्या द्रावणांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी जोडला गेला. मुलांना भीती घालण्यासाठी हा तपशील गाळू नये. ती तो मोबाइलवर शोधून काढतात आणि मग आपल्या उरलेल्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

किनारपट्टीवाला

माझे छोटे गेस्ट हाऊस आहे. माड_वाकडा यांनी किनाऱ्याचे नाव घेतले म्हणून लिहितो.

किनाऱ्यावर विकणारा माणूस म्हणजे कोणी मोठा व्यापारी नव्हे. कपड्यांच्या, मोबाइल कव्हरांच्या किंवा स्मरणवस्तूंच्या दुकानात काउंटरखाली एक खोका असतो. पुष्कळदा दुकान एकाचे, भाड्याने घेतलेले दुसऱ्याने, आणि बसलेला पोरगा तिसऱ्याच गावचा. छापा पडला तर तो पोरगा सापडतो. खोका पुरवणारा दुचाकीवरून येतो, फोनवर बोलतो आणि काही महिन्यांनी त्याचा नंबर बदललेला असतो. यात दिवाणी दावा कोणावर लावणार?

आणखी एक. पर्यटक स्वतःचे उपकरण घेऊन येतात आणि व्हरांड्यात बसून ओढतात. स्थानिक मुलांना ती वस्तू प्रतिष्ठेची वाटते ती इथूनच. ही जाहिरात कुणी पैसे देऊन केलेली नाही आणि ती कोणत्याही कलमात बसत नाही.

पर्वरीचा_वकील

किनारपट्टीवाले यांनी खरी गाठ दाखवली, पण 'दुकान एकाचे, भाडेकरू दुसरा' या वाक्यावर जरा थांबू. जागेचा मालक किंवा ताबेदार याने जाणूनबुजून आपल्या जागेत साठा ठेवू दिला तर तोही या कायद्याखाली येतो. लेखी नोटीस मिळाल्यानंतर 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणणे मालकाला कठीण जाते. त्यामुळे पहिल्या छाप्यात पोरगा सापडतो हे खरे असले, तरी दुसऱ्या छाप्याआधी मालकाला नोटीस गेलेली असेल तर चित्र पालटते. गोव्यात जागेचे भाडे हेच पुष्कळांचे उत्पन्न आहे; भाडे बुडण्याची भीती एक लाखाच्या दंडापेक्षा अधिक काम करते.

आता सरकारने नागरिकांच्या वतीने दावा लावण्याविषयी. ही कल्पना परकी नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८५ साली संसदेने खास कायदा करून पीडितांच्या वतीने दावा लावण्याचा अधिकार केंद्राकडे घेतला आणि सरकारने युनियन कार्बाइडवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. तेथील न्यायाधीशांनी १९८६ मध्ये प्रकरण भारतात पाठवले आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती किती तोकडी होती यावर अजून वाद आहे. अलीकडचे उदाहरण मॅगीचे: २०१५ मध्ये केंद्र सरकारने नेस्ले इंडियाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे सुमारे ६४० कोटींची मागणी केली आणि २०२४ मध्ये आयोगाने ती फेटाळली.

ही दोन्ही उदाहरणे मी उत्साह वाढवण्यासाठी देत नाही. दोन्ही ठिकाणी प्रतिवादीचा पत्ता ठाऊक होता, मालमत्ता होती, नामांकित वकील होते, आणि तरीही सरकारच्या हाती काय लागले ते आपल्यासमोर आहे. अमेरिकी राज्यांना यश आले त्याचे एक कारण म्हणजे १९९८ सालचा पूर्वानुभव. तेव्हा ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी पंचवीस वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याची तडजोड केली होती. तो साचा, ते वकील आणि कागद मिळवण्याची ती पद्धत तयारच होती.

चौकस

त्या २०६ अब्जांतले तंबाखूविरोधी कामावर किती खर्च झाले, हेही सांगा. बहुतेक राज्यांनी तो पैसा अंदाजपत्रकातील भोके बुजवायला वापरला. आपल्या सरकारला असा दावा जिंकता आला तर त्या पैशांतून आधी एक महोत्सव होईल.

माड_वाकडा

आणि महोत्सवाच्या मैदानाबाहेर व्हेपचे गाडे लागतील.

डिचोलीचे_मास्तर

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. विनोद चालू द्यावेत, पण गोव्याने काहीच केलेले नाही असा सूर कोणी लावू नये.

सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकणे यांना मनाई करणारा कायदा गोव्याने १९९७ मध्ये केला. केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा आला तो २००३ मध्ये. त्यामागे कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांच्या चळवळीचे मोठे बळ होते. २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटखा बंद केला. प्रौढांमधील तंबाखूच्या वापराचे २०१६-१७ चे राष्ट्रीय सर्वेक्षण पाहिले तर सर्व राज्यांत गोव्याचे प्रमाण सर्वांत कमी, म्हणजे ९.७ टक्के होते, देशाचे २८.६ टक्के. हे आपोआप घडले नाही. शाळांनी मिरवणुका काढल्या, शिक्षकांनी पसऱ्यांवर जाऊन दुकानदारांशी भांडणे केली, काही ठिकाणी शिव्याही खाल्ल्या.

ज्या राज्यात तंबाखू इतकी कमी आहे, तेथील नवी पिढी निकोटिनचे व्यसन दुसऱ्या दाराने आत घेत असेल तर नुकसान अधिक आहे. म्हणून अबोलीबाईंचा प्रश्न मला पटतो. दावा जिंकता येईल किंवा न येईल. सरकारने वादी म्हणून उभे राहणे ही स्वतःच एक जाहीर भूमिका असते, आणि तिचे वजन पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचते.

धूरविरहित

मास्तर, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो. गुटखा २००५ मध्ये बंद झाला, तर त्यानंतर गोव्यात तो मिळाला नाही काय?

डिचोलीचे_मास्तर

मिळाला, आणि आजही मिळतो. परंतु दुकानाच्या दर्शनी भागातील झगमगीत माळा गेल्या. ज्या मुलाला तो शोधत जावे लागते आणि ज्या मुलाच्या डोळ्यांसमोर तो शाळेच्या वाटेवर लटकतो, त्या दोन मुलांत फरक आहे, आणि तो मी वर्गात पाहिलेला आहे.

सत्तरीकर_परदेशी

मास्तरांचा मुद्दा आकड्यांतूनही दिसतो. अमेरिकेत २०१९ मध्ये उच्च माध्यमिक शाळांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट वापरत होते. २०२४ मध्ये ते प्रमाण ७.८ टक्क्यांवर आले. याचे श्रेय एकट्या खटल्यांना देता येणार नाही, कारण मध्ये महासाथ आली, खरेदीचे वय एकवीस झाले, स्वादांवर बंधने आली. तरीही वस्तू कायदेशीर असताना हे घडले, हेही धूरविरहित यांच्या बाजूने नोंदवतो.

मात्र तिथेही पुढचे नाटक आपल्यासारखेच झाले. २०२० मध्ये स्वादांवरचे बंधन पॉड, म्हणजे द्रावणाची कुपी, बदलता येणाऱ्या उपकरणांपुरते आले आणि वापरून फेकण्याची उपकरणे त्यातून सुटली. जूलची जागा पफ बार, एल्फ बार अशा नावांनी घेतली. काहींनी निकोटिन तंबाखूपासून न काढता प्रयोगशाळेत बनवले आणि 'आम्ही तंबाखूजन्य नाही' असा पवित्रा घेतला. ती पळवाट बुजवायला २०२२ मध्ये कायदा बदलावा लागला. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तेरा कंपन्यांवर दावा लावला, त्यांत वितरक आणि घाऊक व्यापारीही आहेत. उत्पादक हाती लागत नसेल तर माल ज्याच्या गोदामातून जातो त्याला धरायचे, हा त्यातला विचार आपल्याला उपयोगी पडावा.

चौकस

उत्पादक कसा हाती लागणार? जगातली बहुतेक उपकरणे चीनमधल्या शेन्झेनच्या परिसरात बनतात. चीनने ऑक्टोबर २०२२ पासून स्वतःच्या देशात फळांच्या वगैरे स्वादांच्या ई-सिगारेटची विक्री बंद केली, निर्यात मात्र चालू ठेवली. आंब्याचा स्वाद त्यांच्या मुलांना नको, आपल्या मुलांना चालेल!

दहावीची_आई

मला एक भीती सतावते. शाळेने तक्रार केली, पोलीस आले, तर सर्वांत आधी माझ्याच मुलाचा जबाब घेतला जाईल. त्याच्या नावावर काही नोंद राहील काय? पालक गप्प बसतात ते या भीतीने. त्यांना फिकीर नसते असे नाही.

पर्वरीचा_वकील

ताई, वापरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात शिक्षा नाही, हे वर लिहिलेच आहे. उलट बाल न्याय कायद्याचे कलम ७७ मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. ई-सिगारेटमधील निकोटिन त्या व्याख्येत बसते काय, यावर बचाव पक्ष वाद घालील, पण तो वाद घालण्याची वेळ त्यांच्यावर यावी हेच आपल्याला हवे आहे. त्या कायद्याच्या दृष्टीने मुलगा संरक्षणास पात्र ठरतो. शाळेने तक्रारीत मुलाचे नाव घालण्याची गरज नाही. वस्तू, जागा, खात्याचे नाव आणि तारीख पुरेशी आहे.

अबोली_फोंडा

सर्वांचे आभार. विशेषतः धूरविरहित यांचे, कारण त्यांच्यामुळे प्रश्न नीट दिसला. बंदीमुळे आपल्यापुढे जूल नाही, हे मान्य. पण या साखळीत नाव-पत्ता असलेले दोघे आहेतच: ज्या समाजमाध्यमावर रील फिरते ती कंपनी आणि ज्याच्या जागेत खोका ठेवला जातो तो मालक. पहिल्याच्या बाबतीत काही करता येते काय?

पर्वरीचा_वकील

येते, पण पायऱ्या चढाव्या लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मुळे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल मंच सहसा जबाबदार नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात स्पष्ट केले की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी यंत्रणेची सूचना मिळाल्यावर त्याने मजकूर काढला पाहिजे. न काढल्यास ते संरक्षण जाते. म्हणजे तुम्ही-आम्ही 'रिपोर्ट' चे बटण दाबून फारसे होत नाही. सूचना सरकारकडून जायला हवी. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये ई-सिगारेटविषयक तक्रारींसाठी संकेतस्थळ उघडले आणि त्याच वर्षी विक्री व जाहिरात करणाऱ्या पंधरा संकेतस्थळांना मजकूर काढण्याच्या नोटिसा दिल्या. यंत्रणा आहे, तिला गोव्यातून नेमक्या तक्रारी जायला हव्यात.

माझी सूचना अशी. पालक-शिक्षक संघाने तीन पत्रे करावीत. पहिले आरोग्य संचालनालयाला: खात्यांची नावे, दुवे, स्क्रीनशॉट आणि तारखा यांसह. दुसरे पोलीस अधीक्षकांना: शाळेच्या परिसरातील दुकानांबद्दल, मुलांची नावे न घालता. तिसरे ग्रामपंचायतीला: ज्या जागांना ती व्यवसायाचा परवाना देते त्यांच्या मालकांना लेखी समज द्यावी म्हणून. सहा महिन्यांत काहीच हालचाल झाली नाही तर हीच पत्रे जोडून उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे जनहित याचिका करता येईल, आणि मग सरकारला प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागेल की २०१९ पासून किती गुन्हे नोंदवले आणि किती शिक्षा झाल्या.

माड_वाकडा

म्हणजे शेवटी दावा सरकारने लावायचा नाही, सरकारवर लावायचा. हे मात्र अस्सल गोमंतकीय झाले.

किनारपट्टीवाला

तिसऱ्या पत्राला माझा पाठिंबा आहे, पण त्यात एक ओळ वाढवावी. पंचायतीने समज देताना ती फक्त गावातल्या छोट्या मालकांना देऊ नये. मोठी हॉटेले आणि क्लब यांनाही तीच, त्याच दिवशी द्यावी. नाहीतर ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच येईल आणि उरलेली सभा त्यातच जाईल.

अबोली_फोंडा

ओळ घालते. पालक-शिक्षक संघाची बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे. वकीलसाहेब, मालकांना द्यायच्या नोटिशीचा मसुदा त्याआधी येथे टाकाल काय? कलमांचे क्रमांक तेवढे तुमच्या हातचे असावेत.

पर्वरीचा_वकील

टाकतो. दोन पानांत बसवतो. त्याहून लांब नोटीस पंचायत सचिव वाचत नाहीत.